माळवद

लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचन (तुळयांवर आडवे घातलेले लाकडाचे लहान तुकडे) आणि त्यावर चोपून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर अशा बांधणीचे सपाट छत. मराठवाड्यातील जुनी घरे, वाडे व गढ्या प्रामुख्याने अशाच छताच्या आहेत. विदर्भ व खानदेशात साधारण याच बांधणीला ‘धाबे’ म्हणतात. योगसाधना व निसर्गोपचार यांसाठीच्या निवासवास्तू माती, चुना, दगड व लाकडात उभारताना माळवदाचा विचार आता पुन्हा होऊ लागला आहे.

‘माळवद’ हा शब्द ‘माळा’ या शब्दाशी जोडला जातो. कन्नडमध्ये वरचा मजला किंवा सपाट छत या अर्थी ‘माळिगे’ हा शब्द आहे. बिदर-कलबुर्गीकडील सरहद्दीवर दोन्ही बाजूंची घरे एकाच घडणीची दिसतात; ते पाहता कन्नडशी असलेला संबंध अधिक संभवनीय वाटतो. बांधणीचा काळ निश्चित करणे कठीण आहे. माती व लाकूड टिकत नाही आणि उभ्या असलेल्या वाड्यांपैकी फारच थोडे अठराव्या शतकामागे नेता येतात.

पांढरी माती : मराठीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. हा भेद बांधकामाच्या मुळाशी आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे मृद्‌खनिज भरपूर असते. पाणी लागले की ती फुगते व वाळली की भेगाळते, म्हणून छताला ती चालत नाही. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुनखडी व पडलेल्या भिंतींची माती मिसळलेली असते. ती दाट बसते आणि पाणी सहसा खाली उतरू देत नाही. मात्र हीच माती म्हणजे पुरातत्त्वाचा पुरावाही आहे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनातील तगर हे नगर म्हणजे आजचे तेर (जि. धाराशिव). तेथील पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या आणि त्या संग्रहातून तेथील संग्रहालय उभे राहिले. तेर, पैठण यांसारख्या ठिकाणची टेकाडे मातीसाठी उकरली जाणे ही न भरून येणारी हानी आहे. नव्या बांधकामासाठी गावठाणाची माती घेऊ नये. चाळलेला मुरूम, चिकणमाती व चुना यांचे मिश्रण वापरावे.

रचना : दोन खांब व त्यांवरील तुळई यांमधील जागेस ‘खण’ म्हणतात आणि घराचे माप खणांत सांगतात. फळ्यांवर कडुनिंबाचा पाला अंथरतात, त्याने वाळवीला आळा बसतो. पाला पसरून झाल्यावर मातीचे थर धुमसाने ठोकतात. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छतात साणे ठेवतात, तर पाण्यासाठी पन्हाळ. पाऊस बेताचा आणि उन्हाळा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणारा, अशा या प्रदेशाला हे छत मानवते. दुपारची उष्णता जाड थरातून आत उतरेपर्यंत रात्र झालेली असते.

भूकंप व माळवद : ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी (जि. लातूर) परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता वेगवेगळ्या मापनांनुसार ६.२ ते ६.४ मानली जाते. मृतांचे आकडेही आठ ते दहा हजारांच्या दरम्यान वेगवेगळे दिले जातात. त्यानंतर माळवद म्हणजे मृत्यू असे समीकरण लोकांच्या मनात रुजले. ज्यांनी घरची माणसे त्या मातीखालून काढली, त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होते. तांत्रिक कारणमीमांसेत मात्र दोन मते आढळतात. पहिले मत छताच्या वजनाला दोष देते. दर पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी नवी माती टाकतात, जुनी मात्र पुष्कळदा काढत नाहीत. त्यामुळे थर अर्धा मीटर किंवा त्याहून जाड होतो. अर्धा मीटर थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० ते ९०० किलोग्रॅम भरते, तर १२.५ सेंमी. जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे सुमारे ३०० किलोग्रॅम. दुसऱ्या मतानुसार मूळ दोष भिंतीत होता. अनघड दगडांच्या दोन पदरांमध्ये माती व चिपा भरलेल्या या भिंतींचे पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते फुगून सुटले आणि कोसळले. खणांचा लाकडी सांगाडा जेथे सलग व धड होता तेथे भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिल्याची उदाहरणे पाहणीत नोंदली गेली. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वजनाने हानी वाढली हे मात्र खरे. १९९३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या भारतीय मानकांत (आयएस १३८२७ मातीच्या, आयएस १३८२८ कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी) उपाय दिलेले आहेत : भिंतीची पूर्ण जाडी व्यापणारे दगड ठरावीक अंतराने घालणे, चौफेर पट्टा, कोपऱ्यांची बांधणी. सांगाड्याला तिरपे आधार देऊन छतावरील माती कमी करावी. भूकंपाच्या वेळी हा भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता; पुढे तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला.

गिलावा : वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या वनस्पतीचे तंतू व तुकडे असल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वेरूळचा गिलावा अजिंठ्याच्या तुलनेत किडीपासून अधिक बचावला, त्याचे श्रेय संशोधकांनी या मिश्रणाला दिले. मात्र दोन्ही लेण्यांतील ओल व उजेड सारखा नाही, तेव्हा एकट्या भांगेला श्रेय देणे धाडसाचे ठरेल. मराठीत ‘ताग’ आणि ‘सण’ ही नावे वेगवेगळ्या तंतुवनस्पतींना लागतात, त्यामुळेही घोळ होतो. भांगेची लागवड १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवानगीविना करता येत नाही. बांधावरची अंबाडी व ताग हे तंतू मात्र येथे सहज मिळतात.

योगगृहासाठी उपयोग : स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिका’ या हठयोगावरील ग्रंथात (साधारणपणे पंधरावे शतक) योग्याचा मठ लहान दाराचा, भोके-बिळे नसलेला, शेणाने दाट सारवलेला आणि बाहेर मंडप, विहीर व कुंपण असलेला असावा असे सांगितले आहे. माळवदाची जाड भिंतींची, सारवलेल्या जमिनीची खोली या वर्णनाच्या बरीच जवळ येते. सामूहिक साधनेच्या मोठ्या दालनाला मात्र खणांचे खांब आड येतात. अशा ठिकाणी माळवद निजण्याच्या व एकट्याने बसण्याच्या खोल्यांपुरते ठेवून दालनाला हलके कौलारू छप्पर द्यावे, हे सोयीचे. स्नानगृहे माळवदाखाली घेऊ नयेत. वाफेने लाकूड कुजते.

माळवदाची निगा वर्षातून एकदा, मृग नक्षत्राआधी घेतात. वरची सैल माती खरवडून काढतात, उंदरांची बिळे बुजवतात, नवा पातळ थर चोपतात आणि पन्हाळी मोकळ्या करतात.