पुस्तकाची कसोटी ३,००० केल्विनला

जेम्स वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे २०२२ साली प्रसिद्ध झाली तेव्हा ‘महास्फोट सिद्धांत कोसळला’ अशा मथळ्यांचे पीक आले. दुसरीकडे, महास्फोट नासदीय सूक्तात आधीच सांगून ठेवलेला आहे, असे संदेशही नेहमीप्रमाणे फिरत राहिले. या सिद्धांतातले एखादे गणित स्वतः सोडवून पाहण्याची गरज दोन्ही पक्षांना वाटत नाही. ज्यांना ती वाटते, म्हणजे एम.एस्सी.नंतर विश्वरचनाशास्त्रात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी, त्यांच्यापुढे मात्र पाठ्यपुस्तक कोणते घ्यावे हा प्रश्न असतो. सर्वांत नवे घ्यावे किंवा सर्वांत जाडजूड घ्यावे, ही प्रचलित उत्तरे मला पटत नाहीत. पुस्तक घेण्यापूर्वी त्यातले हायड्रोजनच्या पुनःसंयोगाचे, म्हणजे सुटे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन अणू बनण्याचे, प्रकरण तेवढे वाचून पाहावे.

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि ही ऊर्जा तापमानात मांडली तर सुमारे १,५८,००० केल्विन होतात. तरीही विश्वातले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन अणू टिकू लागले ते तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरल्यावर, महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी. याचे कारण असे की एका प्रोटॉनमागे दीड अब्जाहून अधिक फोटॉन होते. त्यांतले अत्यल्प फोटॉन सरासरीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे असले, तरी तेवढेही अणू फोडायला पुरत होते. दिलेल्या तापमानाला किती अणू फुटलेले असतील हे सांगणारे मेघनाद साहा यांचे १९२० सालचे समीकरण वापरले, तर सुमारे ३,७०० केल्विनला निम्मा हायड्रोजन उदासीन, म्हणजे अखंड अणूंच्या रूपात, झालेला असावा, असे उत्तर येते. बार्बरा रायडन यांच्या पुस्तकासारखी पदवी पातळीवरची उत्तम पुस्तके येथे थांबतात, आणि त्या पातळीला ते योग्यच आहे.

परंतु साहा समीकरण औष्णिक समतोल, म्हणजे अणू बनणे आणि फुटणे सारख्याच वेगाने चालू असणे, गृहीत धरते, आणि खरी गंमत तो समतोल ढळण्यात आहे. इलेक्ट्रॉन थेट सर्वांत खालच्या पातळीवर उतरला, तर बाहेर पडणारा फोटॉन शेजारचा अणू फोडतो आणि जमाखर्च शून्यावर येतो. तो दुसऱ्या पातळीवर थांबून मग खाली उतरला, तर १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लायमन-अल्फा फोटॉन निघतो. तो दुसऱ्या अणूला त्याच दुसऱ्या पातळीवर चढवतो, आणि तेथून इलेक्ट्रॉन सोडवायला केवळ ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. म्हणजे एकाचे कर्ज फिटते ते दुसऱ्याच्या डोक्यावर चढूनच. या कोंडीतून सुटण्याच्या वाटा दोन: विश्वप्रसरणामुळे लायमन-अल्फा फोटॉनची ऊर्जा घटून तो शोषणरेषेबाहेर (अणू जी ऊर्जा शोषू शकतो तिच्या बाहेर) निसटणे, किंवा अणूने २एस अवस्थेतून (दुसऱ्या पातळीच्या २एस आणि २पी या दोन उपअवस्थांपैकी एकीतून) एकदम दोन फोटॉन टाकून खाली येणे. दोघांपैकी एकाही फोटॉनकडे दुसऱ्या अणूला वर चढवण्याइतकी ऊर्जा उरत नाही. हे संक्रमण अतिशय मंद आहे, सेकंदाला सुमारे ८.२ या दराचे, तर २पी अवस्थेतले संक्रमण सेकंदाला साठ कोटींहून अधिक दराचे. असे असूनही निम्म्याहून अधिक हायड्रोजन या मंद वाटेनेच तयार झाला. १९६८ साली पीबल्स या शास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे झेल्डोविच, कुर्ट व सुन्याएव यांनी, हे गणित मांडले. त्यातून पुनःसंयोग लांबतो आणि दर दहा हजारांत सुमारे दोन इलेक्ट्रॉन कायमचे मोकळे राहतात, जे पुढे रेणुरूप हायड्रोजन घडवायला उपयोगी पडतात.

पुस्तक साहा समीकरणावर थांबते की हे पुढचे गणितही सोडवते, ही माझी कसोटी. या कसोटीवर पीबल्स यांचे १९९३ सालचे पुस्तक आणि वाइनबर्ग यांचे २००८ सालचे ‘कॉस्मॉलॉजी’ दोन्ही उतरतात. वाइनबर्ग यांची मांडणी अधिक काटेकोर असली, तरी पहिल्या वाचनाला ती कठोर वाटेल. ज्याला पुढे सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचे, म्हणजे पुनःसंयोगाच्या वेळी मोकळ्या झालेल्या प्रकाशाच्या अवशेषाचे, विश्लेषण करायचे आहे त्याने डोडेलसन यांचे ‘मॉडर्न कॉस्मॉलॉजी’ घ्यावे, आणि तेही श्मिट यांच्यासह लिहिलेली २०२० ची दुसरी आवृत्ती. कणांचे वितरण काळानुसार कसे बदलते हे सांगणाऱ्या बोल्ट्झमन समीकरणापासून सुरुवात करण्याची शिस्त त्यात शेवटपर्यंत टिकते. व्यापक सापेक्षता मात्र आधी वेगळी शिकून घ्यावी.

मराठी वाचक येथे जयंत नारळीकरांचे नाव घेणारच. त्यांच्या पाठ्यपुस्तकाची तिसरी आवृत्ती २००२ ची, म्हणजे सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या पहिल्या निष्कर्षांच्या आदल्या वर्षीची आहे, त्यामुळे तिला मुख्य पुस्तक करणे आज कठीण आहे. पर्यायी सिद्धांतांवरचे आणि प्रचलित प्रतिमानाच्या चिकित्सेचे प्रकरण यांसाठी ती जोडीला ठेवावी, आणि विश्वाच्या मापनांचे आकडे त्याच पार्श्वभूमीच्या नंतरच्या प्लांक उपग्रह मोहिमेच्या २०१८ च्या निष्कर्षांतून घ्यावेत.