मेगावॅट किती ते कळलं, युनिट किती ते सांगा

‘या प्रकल्पातून दररोज ५ मेगावॅट वीजनिर्मिती होणार.’ सौर प्रकल्पाच्या भूमिपूजनाची बातमी असली की हे वाक्य असणारच, फेटे बांधलेल्या पाहुण्यांच्या फोटोइतकं ते ठरलेलं. प्रकल्प शिरोळचा असो, कागलचा असो नाहीतर आजऱ्याचा. आणि वाक्य बुडापासून चुकलेलं. ‘माझी मोटर रोज पाच एचपी पाणी उपसते’ असं करवीर तालुक्यातला एकही शेतकरी म्हणणार नाही. मोटर पाच एचपीची असते आणि पाणी किती पडलं ते ती किती तास चालली यावर ठरतं, हे बांधावरच्या पोरालाही माहीत आहे. मग तीच गोष्ट बातमीत आणि भाषणात शिरली की कुठं हरवते कुणास ठाऊक. ‘मेगावॅट प्रति तास’ लिहिणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

युनिट म्हणजे काय हे सांगत बसत नाही. दर महिन्याला बिल येतं, आपण आधी युनिट बघतो आणि मग रकमेकडे बघून घरातल्यांना ओरडतो. त्याच बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आकडा किलोवॅटमध्ये छापलेला असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. हजार किलोवॅटचा एक मेगावॅट, हजार मेगावॅटचा एक गिगावॅट. पाच एचपी म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट. पॅनेलचा किलोवॅट मोजायचा की इन्व्हर्टरचा, यावरही लोक तावातावानं भांडतात. तो ठेकेदारांचा वाद आहे, त्यांना घालू द्या.

खरा घोळ पुढं आहे. किलोवॅट आणि युनिट वेगळे, हे नीट समजावून सांगितलं तर सगळे मान डोलावतात. आणि दुसऱ्या मिनिटाला सौरऊर्जेचे मेगावॅट कोळशाच्या मेगावॅटशेजारी मांडून टक्केवारी काढायला लागतात. मांडणी बरोबर, भागाकार बरोबर, आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

एक मेगावॅटचं यंत्र रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चाललं तर दिवसाला २४,००० युनिट. कोळशाची केंद्रं प्रत्यक्षात तेवढी चालत नाहीत, देखभाल असते, मागणी कमी-जास्त असते. देशातली सरासरी दोन तृतीयांशाच्या आसपास धरा, म्हणजे १६,००० युनिट. आता एक मेगावॅटचा सौर प्रकल्प. चार-पाच एकर जागा, पॅनेल उत्तम, ऊन कोल्हापूरचं. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार ते साडेचार हजार युनिट. पॅनेलचा यात काही दोष नाही. रात्र असते, सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं असतं, जूननंतर ढग असतात. शिवाय पॅनेलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो: पूर्ण कडक प्रकाश आणि पॅनेलचं तापमान २५ अंश. एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडवरचं पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं, आणि तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. कडक ऊन म्हणजे भरपूर वीज हा समज तिथंच थोडा वितळतो.

थोडक्यात, सौरचा एक मेगावॅट वर्षाअखेर कोळशाच्या एका मेगावॅटच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के युनिट देतो. हे डोक्यात पक्कं ठेवून आता मोठे आकडे बघा.

जानेवारी २०२५ अखेर देशाच्या सौरऊर्जेनं १०० गिगावॅट क्षमतेचा टप्पा ओलांडला. एकूण स्थापित क्षमतेचा, म्हणजे देशात बसवलेल्या सगळ्या यंत्रांच्या क्षमतेचा, हा पाचवा हिस्सा. पण २०२४-२५ मध्ये देशात जेवढी वीज तयार झाली, त्यात सौरचा वाटा सात-आठ टक्के. दोन्ही आकडे खरे. मग जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं की देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस, डिझेल सोडून इतर स्रोतांची आहे. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरत होतं आठवतं? ‘भारतातली निम्मी वीज हरित झाली.’ निम्मी वीज नव्हे हो, निम्मी यंत्रं! मीटरमधून घरात येणाऱ्या युनिटांपैकी वर्षाच्या सरासरीत सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच होती. क्षमतेच्या आकड्याचा अभिमान जरूर बाळगा, तो कमावलेला आहे. पण तो युनिटांच्या रकान्यात नेऊन टाकू नका.

आता आपल्या राज्याचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा १६,००० मेगावॅटचा. (वाहिनी म्हणजे शेतीपंपांना वीज नेणारी लाईन, फीडर.) राज्याची विजेची कमाल मागणी तीस हजार मेगावॅटच्या घरात. कट्ट्यावरचा हुशार माणूस लगेच भागाकार करतो: निम्मं महाराष्ट्र सौरवर! नाही. सोळा हजार मेगावॅटची पॅनेलं वर्षभराच्या सरासरीत जेवढी युनिटं देतात, तेवढीच चोवीस तास चालणारं तीन हजार मेगावॅटच्या आतबाहेरचं एखादं केंद्र देईल. मोठीच गोष्ट आहे ही. निम्मं राज्य मात्र नव्हे.

इथवर वाचून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू येतं. ‘म्हणजे सौर हा नुसता देखावाच की!’ हे लोक मला पहिल्या गटापेक्षा जास्त वैताग देतात, कारण त्यांना एक आकडा कळलेला असतो आणि त्या जोरावर ते पुढचं सगळं झटकून टाकतात. कृषी पंपाला थ्री फेज वीज मिळते दिवसाला आठ तास. तेही पाळीपाळीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत उसाला पाणी पाजायला बॅटरी घेऊन शिवारात जायचं, खाली साप, पलीकडं गवे. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या मारला होता, तो ‘दिवसा दहा तास वीज द्या’ याचसाठी. आता जुळवून बघा. ज्याला वीज दिवसाच हवी, त्याला दिवसाच मिळणारी वीज कमी कशी पडेल? आणि पॅनेल कधी आळसावतं? जुलै-ऑगस्टमध्ये. त्या वेळी पंचगंगेच्या काठची मोटर बंद असते, उलट पूर येतोय म्हणून ती काढून वर आणून ठेवलेली असते. शेतीच्या वाहिनीपुरतं बोलायचं तर वर्षाच्या सरासरीचा आकडा तोंडावर फेकून काही सिद्ध होत नाही. दुपारी बारा वाजता ते सोळा हजारांतले बारा-तेरा हजार मेगावॅट खरोखर हजर असू शकतात, आणि पंपाला तेव्हाच हवे असतात. ढग आलाच तर पंप थांबत नाही, कारण वाहिनी ग्रीडला, म्हणजे सामाईक वीजजाळ्याला, जोडलेली असते. नदीवरच्या मोठ्या उपसा योजना असलेल्या आपल्या भागाला सुटे सौर पंप वाटण्यापेक्षा अख्खी वाहिनीच सौरवर टाकणं जास्त सोयीचं, हे माझं मत. पाच-साडेसात एचपीच्या पंपावर कुठल्याही सहकारी उपसा संस्थेचं पाणी डोंगर चढत नाही.

म्हणजे मेगावॅट आणि युनिट यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे घड्याळ. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारीच आहे.

कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. पण पश्चिमेकडं वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा आहे. सगळी यंत्रं रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालवली तर ते पाणी दोन-तीन महिन्यांतच उरकेल. त्यामुळं कोयनेची यंत्रंही वर्षातला बराचसा काळ थांबलेलीच असतात. नुसती वर्षाची सरासरी बघणाऱ्याला कोयना आणि सौर प्रकल्प भाऊभाऊच वाटतील: दोघंही आपल्या नावच्या मेगावॅटच्या मानानं युनिट कमीच देतात. फरक कुठं? कोयना थांबते ती आपण थांबवली म्हणून. संध्याकाळी सात वाजता, रंकाळ्याच्या चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागलेल्या, घराघरात टीव्ही आणि पंखे सुरू, इचलकरंजीत मागांचा खडखडाट चालू, तेव्हा कोयनेच्या पोफळी वीजगृहातली यंत्रं काही मिनिटांत अंगावर भार घेतात. त्याच घटकेला जिल्ह्यातल्या सगळ्या सौर पॅनेलांचं उत्पादन मिळून शून्य. उन्हाला ‘जरा थांब, सातला ये’ असं सांगता येत नाही. म्हणून शंभर मेगावॅट सौर आणि शंभर मेगावॅट जलविद्युत यांची युनिटं समजा सारखी निघाली, तरी संध्याकाळी सातला त्यांची किंमत सारखी नसते. दरही त्याच वाटेनं चाललेत. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दराची चौकट आखली, तीत उन्हाच्या तासांची वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीची महाग. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्याला विचारा. भट्टी रात्री लावायची की दुपारी, हे गणित त्याला नव्यानं मांडावं लागतंय.

(साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीचंही तेच. मेगावॅट बारा महिने फलकावर, युनिट मुख्यतः गळीत हंगामात.)

आता या घोळाचा कळस. भुदरगडमध्ये पाटगावच्या परिसरात उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे, २,१०० मेगावॅटचा. आकडा कोयनेपेक्षा मोठा. तो ऐकून समर्थक म्हणतात, केवढी वीज तयार होणार; विरोधक म्हणतात, आमच्या पाण्यावर वीज करून बाहेर विकणार. पाण्याचा, जंगलाचा, वेदगंगेच्या काठच्या गावांचा प्रश्न खरा आहे आणि तो वेगळ्या जागी तितक्याच नेटानं मांडायला हवा. पण वीज ‘तयार’ होण्यापुरतं बोलायचं तर दोन्ही बाजू चुकतात. असा प्रकल्प दुपारी स्वस्तात मिळालेल्या विजेनं खालचं पाणी वरच्या तलावात चढवतो आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज परत देतो. चढवायला शंभर युनिट घातली तर परत येतात पंचाहत्तर-ऐंशी. हिशेब मांडलात तर मेगावॅट २,१०० आणि वर्षाची निव्वळ युनिटं शून्याच्याही खाली! तरीही तो निरुपयोगी ठरत नाही, कारण त्याचं काम दुपारचं युनिट उचलून रात्रीत नेऊन ठेवणं हे आहे, आणि सौर वाढेल तसं हे काम कुणीतरी करावंच लागणार, पाण्यानं नाहीतर बॅटरीनं. ते पाटगावलाच करावं का, यावर भांडा की. पण ‘२,१०० मेगावॅट वीजनिर्मिती’ या शब्दांवर भांडू नका.

राहिलं छतावरचं. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ची. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, त्यामुळं आता गल्लीगल्लीत पॅनेल दिसतात. इथं घोळ छोटा, पण पैसे आपले. तीन किलोवॅट म्हणजे घरात कायम तीन किलोवॅट असं नव्हे. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा, तिन्हींचे मिळून बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. अ‍ॅपवर भर दुपारी २.४ दिसलं म्हणून बसवणाऱ्याला शिव्या घालू नका, ते ठीकच आहे; आणि ऑगस्टमध्ये दिवसाला चार-पाच युनिट दिसली तरी घाबरू नका. गगनबावड्याच्या छताला आणि शिरोळच्या छताला पावसाळ्यात एकच मापही लावू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छताची युनिटं तुमच्या वापरातून वजा करायच्या पद्धतीत, उन्हाळ्यातली जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण हिशेब आर्थिक वर्षाअखेर, ३१ मार्चला मिटतो. स्थिर आकार तरीही भरावा लागतो, त्यामुळं ‘बिल शून्य’ ही जाहिरातीची भाषा समजा. आणि बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर तुमचं छतही गप्प बसतं, भर उन्हातसुद्धा. हे मुद्दाम केलेलं आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छताचा झटका बसेल.

एवढ्यासाठी कोटेशनवर फक्त किलोवॅट लिहून घेऊन सही करू नये, असं माझं ठाम मत. वर्षाची युनिटं किती, आणि त्यातली जून ते सप्टेंबरची किती, हे दोन आकडे शेजारी लिहून मागा. काही जण हसून म्हणतील, ‘दादा, ऊन काय आमच्या हातात आहे का?’ उन्हाची सरासरी उपलब्ध असते, अंदाज काढायची साधनं फुकट मिळतात, आणि रोज हे काम करणाऱ्याला तो अंदाज तोंडपाठ असायला हवा. महिन्याला साडेचारशे युनिट असं सरसकट ठोकून देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारा. तो कागदावर लिहून द्यायला तयार नसेल तर दुसऱ्याकडून कोटेशन घ्या.