अँटिबॉडी नसलेली गोगलगाय कृमीला ओळखते कशी?

गोड्या पाण्यातल्या गोगलगाईला लिम्फोसाइट, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, नाहीत, अँटिबॉडी नाहीत. तरीही एकाच जातीच्या दोन गोगलगायींच्या अंगात एकच कृमी शिरला, तर एखादी त्याला एक-दोन दिवसांत मारून टाकते आणि दुसरी महिन्याभराने त्याची हजारो पिल्लं पाण्यात सोडू लागते. ‘जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे सरसकट हल्ला, नेमकेपणा फक्त पाठीचा कणा असलेल्यांकडे’ ही पुस्तकी समजूत इथे लंगडी पडते.

यावर सर्वांत जास्त काम झालंय ते बायोम्फालेरिया ग्लाब्राटा या चपट्या, चकतीसारख्या शंखाच्या गोगलगाईवर. ती कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलची रहिवासी. शिस्टोसोमा मॅन्सोनी हा माणसाच्या रक्तात राहणारा चपटा कृमी आधी तिच्यात वाढतो आणि तिथून माणसात येतो. या जातीच्या कृमींमुळे होणाऱ्या शिस्टोसोमियासिस या रोगावर प्रतिबंधक उपचाराची गरज असलेले लोक 2021 मध्ये 25 कोटींवर होते, म्हणून या गोगलगाईचे इतके लाड.

माणसाच्या विष्ठेतलं अंडं पाण्यात फुटतं आणि मिरासिडियम नावाची केसाळ अळी बाहेर पडते. काही तासांत गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली, तर मऊ अंगातून आत घुसते, केसाळ आवरण टाकून देते आणि स्पोरोसिस्ट, म्हणजे पिल्लं तयार करणारी पिशवी, बनते. निकाल लागतो तो याच टप्प्यावर. आवरण उतरताना कृमीचा नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यावर गोगलगाईच्या रक्तद्रवातली, म्हणजे हिमोलिंफमधली, प्रथिनं बसतात किंवा बसत नाहीत.

त्यातलं पहिलं प्रथिन ‘फ्रेप’. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की चपट्या कृमींची लागण झालेल्या गोगलगाईच्या रक्तद्रवात काही प्रथिनं वाढतात आणि कृमीच्या घटकांना चिकटून त्यांचा साका खाली बसवतात. या प्रथिनांच्या एका टोकाला आपल्या अँटिबॉडीच्या घडणीशी नातं सांगणारे एक किंवा दोन तुकडे असतात, दुसऱ्या टोकाला फायब्रिनोजेनसारखा तुकडा. (नावावरून रक्त गोठण्याशी संबंध वाटेल, पण या गोगलगाईचं रक्त गोठतच नाही.) 2004 मध्ये त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आली: फ्रेप-3 या जनुकाचे तुकडे गोगलगाईच्या हयातीत एकमेकांत मिसळतात, त्यात बदल होतात आणि प्रत्येक गोगलगाईकडे फ्रेपचा वेगळा संच तयार होतो. कृमीही कमी नाही. त्याच्या अंगावरची म्युसिन नावाची, साखरेने मढलेली प्रथिनं जातीजातीत, वाणावाणात बदलत राहतात. म्हणून गोगलगाईचा एखादा वाण ‘प्रतिकारक’ आहे असं नुसतं म्हणणं अपुरं. कृमीच्या कोणत्या वाणाला, तेही सांगावं लागतं.

पण फ्रेप कृमीला मारत नाही, खूण करतो. दुसरं प्रथिन ‘टेप’ हे आपल्या पूरक प्रणालीतल्या, म्हणजे जंतूंवर खूण करणाऱ्या रक्तप्रथिनांच्या साखळीतल्या, सी-3 या प्रथिनाचं नातलग. त्यातला थायोएस्टर बंध उघडला की ते समोरच्या पृष्ठभागाशी पक्क्या रासायनिक बंधाने जोडलं जातं. फ्रेप, टेप आणि कृमीचं म्युसिन एकत्र अडकलेले प्रयोगशाळेत सापडले आहेत. त्या खुणेवर हिमोसाइट, म्हणजे रक्तद्रवातल्या संरक्षक पेशी, जमतात, स्पोरोसिस्टभोवती थरावर थर चढवून त्याला कोंडतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात. तिसरं प्रथिन, बायोम्फॅलायसिन, काही जिवाणूंच्या विषासारखं आवरणाला भोकं पाडतं. गोगलगाईच्या बीएस-90 या प्रतिकारक वाणात फ्रेप-3 चं उत्पादन जनुकाचा संदेश अडवणाऱ्या आरएनए तंत्राने दाबलं तेव्हा पाचातल्या साधारण एकीला लागण झाली. बाकीच्या तरीही वाचल्या, म्हणजे सगळा भार एकट्या फ्रेप-3 वर नाही.

हा रक्तद्रव काढणं सोपं आहे, चांगला काढणं नाही. शंख आधी नीट पुसून कोरडा करतात. मग पिपेटच्या टोकाने पायाला हलकेच टोचलं की गोगलगाय झटकन आत ओढून घेते आणि रक्तद्रव बाहेर येतो. मोठ्या गोगलगाईतून जेमतेम दोन-तीन थेंब. जोरात टोचलं तर चिकट स्राव मिसळतो आणि नमुना वाया जातो. नळी बर्फात नसेल तर हिमोसाइट काही मिनिटांत गोळा होऊन भिंतीला चिकटतात. मंद गतीने फिरवून पेशी खाली बसवल्या तरी वरचा द्रव लालच राहतो, कारण या गोगलगाईचं हिमोग्लोबिन पेशींत नसून द्रवातच विरघळलेलं असतं. ते इतकं जास्त असतं की फ्रेप त्याआड झाकले जातात. सुदैवाने त्याचा रेणू प्रचंड मोठा आहे, त्यामुळे अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये तो तळाला जातो.

लागणीच्या प्रयोगातली नेहमीची चूक वेगळीच. एकेका गोगलगाईला थोड्या पाण्यात 5 ते 10 मिरासिडियम देतात, साधारण 26 अंशांना ठेवतात आणि चार-पाच आठवड्यांनी उजेडात धरून सर्कारिया, म्हणजे कृमीची कातडीत घुसणारी पिल्लं, बाहेर येतात का पाहतात. आल्या नाहीत म्हणून ती प्रतिकारक ठरत नाही. अळी आत शिरलीच नसेल. त्यासाठी काही गोगलगायी एक-दोन दिवसांतच कापून आतला स्पोरोसिस्ट शोधावा लागतो. आणि पाणी क्लोरीनमुक्त हवं, तांब्याच्या नळाचं नको. तांबं गोगलगाईला विष आहे.

हीच प्रथिनं इतरत्रही भेटतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस गॅम्बी डासात टेप-1 मलेरियाच्या जंतूला, प्लास्मोडियमला, चिकटून त्याला संपवतं. डासाकडे फ्रेपसारखी फायब्रिनोजेनवाली प्रथिनंही आहेत, पण अँटिबॉडीच्या नात्याचा तुकडा त्यांत नाही.

भारतात बायोम्फालेरिया नाही, म्हणून शिस्टोसोमा मॅन्सोनीला इथे बस्तान बसवता आलं नाही. मात्र 1952 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाणारे रुग्ण सापडले. तिथल्या कृमीचा यजमान म्हणून फेरिसिया टेन्युइस या काही मिलिमीटरच्या, टोपीसारख्या शंखाच्या गोगलगाईकडे बोट दाखवलं गेलं. आपल्या तळ्यांत आणि भातखाचरांत नेहमी दिसणारी इंडोप्लॅनॉर्बिस गुरांचे शिस्टोसोमा वाढवते. त्यांच्या सर्कारिया चिखलात उतरलेल्या माणसाच्या कातडीतही घुसतात आणि तिथेच मरतात. मागे उरते ती पायांची खाज.