वारा पडला तरी लाटा येतच राहतात

वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्याची शक्ती निम्मी होत नाही, थेट आठव्या हिश्शावर येते. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून दुपारी जोमात फिरणारी समुद्रातली पवनचक्की संध्याकाळी, ऐन मागणीच्या वेळी, जवळपास गप्प होऊ शकते. ही तूट ग्रिड सांभाळणाऱ्यांना लगोलग दुसरीकडून भरून काढावी लागते.

मग जोडीला लाटांची वीज घेतली तर? पण लाटाही वाऱ्यानेच उठतात. वारा पडला की त्याही पडतील, अशी शंका येणं साहजिक आहे. इथेच समुद्राची खरी गंमत आहे. दर १२ सेकंदांनी येणाऱ्या लाटांची ऊर्जा खोल पाण्यातून ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने सरकते, आणि वाटेत फारशी खर्च होत नाही. १,६०० किलोमीटरवर वादळ झालं, तर त्याच्या लाटा किनाऱ्याला लागायला दोन दिवस लागतात. तोवर ते वादळ विरूनही गेलेलं असेल, किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसेल, पण लाटा येतच असतात.

याचा फायदा किती? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा हिशेब मांडला आहे. फक्त पवनचक्क्या असतील तर वर्षातले १,००० पेक्षा जास्त तास वीज शून्य. फक्त लाटा असतील तर २०० पेक्षा जास्त तास. दोन्ही एकत्र केल्यावर हे तास १०० च्याही खाली येतात.

सगळीकडे मात्र हे जमत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकच्या दूरच्या लाटा येतात, त्यामुळे तिथे वारा आणि लाटा बऱ्याच अंशी आपापल्या वेळापत्रकाने चालतात. पूर्वेकडचा आयरिश समुद्र चिंचोळा. तिथल्या लाटा तिथल्याच वाऱ्याच्या, म्हणून दोन्ही एकदमच चढतात नि पडतात. अशा जागी जोडी लावून वीज स्थिर होण्याची आशा धरू नये. जागेची निवड हाच या कल्पनेचा कणा आहे, असं मला वाटतं.

खर्चाचं गणितही जुळतं. समुद्रतळावरून किनाऱ्याला येणारी केबल पवनचक्क्यांच्या पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने टाकलेली असते आणि बराच काळ पुरती वापरली जात नाही. त्या मोकळ्या जागेतून लाटांची वीज नेता येते. शिवाय लाटांची यंत्रं पुढच्या रांगेत ठेवली तर मागचं पाणी थोडं शांत होतं, आणि दुरुस्तीच्या बोटींना पवनचक्कीपर्यंत पोचणं सोपं जातं.

घोडं अडतं ते यंत्रांपाशी. लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते, म्हणजे रोजच्या लाटांवर चालणाऱ्या यंत्राला वादळात त्याच्या कितीतरी पट मार सोसावा लागतो. २००८ मध्ये पोर्तुगालजवळ 'पेलामिस' ही सापासारखी लांबलचक तीन यंत्रं समुद्रात सोडली होती, एकूण क्षमता २.२५ मेगावॅट. काही महिन्यांतच ती किनाऱ्यावर परत आणावी लागली. डेन्मार्कजवळ 'पोसायडन' या ३७ मीटर रुंद तरंगत्या मंचाने वारा आणि लाटा दोन्हींची वीज ग्रिडला दिली, पण लहान प्रमाणात. म्हणून सगळं एकाच मंचावर चढवण्याची घाई नको. आधीच उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या शेजारी लाटांची यंत्रं वेगळी ठेवून फक्त केबल वाटून घ्यावी. त्यातलं एखादं यंत्र वादळात गेलंच, तरी पवनचक्क्यांची वीज चालू राहते.