पार्श्वभूमी : बाल, सवाई, छोटा, कुमार – गाण्यातली गंधर्व परंपरा

असामान्य गाणाऱ्याला काय म्हणायचे, याचे उत्तर महाराष्ट्राने आणि शेजारच्या धारवाड-बेळगाव पट्ट्याने फार पूर्वी ठरवून टाकले आहे : गंधर्व. पुराणांत गंधर्व हे देवसभेतले गायक. नाट्यशास्त्रात संगीतालाच 'गांधर्व' म्हटले आहे. म्हणजे शब्द जुनाच. मराठी माणसाने मात्र तो जिवंत माणसांच्या नावाला असा काही चिकटवला की मूळ नाव मागे पडले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म 1888 चा. लहानग्या नारायणाचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांनी ऐकले आणि 'हा तर बालगंधर्व' असे ते म्हणाले, असे सांगतात. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. 1913 मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा तिचे नाव पडले 'गंधर्व नाटक मंडळी'. कौतुकाने उच्चारलेला एक शब्द आता नाटकाच्या जाहिरातीवर आला होता. पुढे नायिकेच्या भूमिकांनी ते घराघरांत पोचले, वय वाढले, तरी 'बाल' काही सुटले नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बालगंधर्व म्हणताना कुणालाही अडखळल्यासारखे झाले नाही.

त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांना 'देवगंधर्व' म्हणत, तर ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ 'भूगंधर्व' म्हणून ओळखले जात. तरी या सगळ्यांत मला सर्वांत रंजक वाटतो तो 'सवाई'.

सवाई म्हणजे सव्वा पट. एकाहून पाव अधिक. जयपूरच्या जयसिंहाच्या नावाला हा शब्द लागला, पेशवाईत माधवराव नारायणांना 'सवाई माधवराव' म्हटले गेले. आधीच्या नामवंताशी तुलना करायची, पण त्याला कमी न लेखता नव्याला पाव माप जास्त द्यायचे, अशी त्यातली खुबी. अब्दुल करीम खाँचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर नाटकांतून स्त्रीभूमिका करीत. अमरावतीला त्यांचे गाणे ऐकून दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' म्हटले, अशी हकीकत आहे. बालगंधर्वांचा दबदबा असताना हे म्हणणे धाडसाचेच होते. शब्द टिकला, कारण रामभाऊंचे गाणे त्याला पुरून उरले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी त्यांच्याकडेच शिकले.

सातारा जिल्ह्यातले सौदागर गोरे 'छोटा गंधर्व' झाले. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली लहानपणीच मोठ्यांना थक्क करणारे गात असे. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटले. कुमारांच्या बाबतीत या पदवीचे नावच झाले. क्षयाने आजारी पडल्यावर ते देवासला राहायला गेले, तिथे त्यांनी माळव्याची लोकगीते गोळा केली, कबीर वेगळ्याच ढंगाने गायला. 'बालकलाकार' ही कौतुकाची चौकट त्यांनी केव्हाच मोडली होती, पण 'कुमार' राहिला. घरातल्या पुढच्या पिढीने मात्र तो पुढे ओढला नाही : मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी कोमकली. पदवी वारशाने घ्यायची नसते, ही जाण मला फार मोलाची वाटते.

गाण्याच्या वर्तुळात बोलताना ही माणसे नारायणराव, रामभाऊ, कुमारजी अशीच असतात. 'गंधर्व' छापील कार्यक्रमपत्रिकेवर, निवेदनात, पाटीवर. आपल्या माणसाला नावाने हाक मारायची आणि चारचौघांत पदवी लावायची, ही रीत अजून टिकून आहे.

पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये खुद्द नारायणरावांच्या हस्ते बसली. 1968 मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते. तिथल्या प्रयोगाला निघालेला पुणेकर आज नुसते 'बालगंधर्वला चाललोय' म्हणतो. सवाईचेही तसेच झाले. रामभाऊंच्या मृत्यूनंतर 1953 मध्ये भीमसेनांनी सुरू केलेल्या 'सवाई गंधर्व' संगीत उत्सवाला 2011 मध्ये भीमसेन गेल्यावर त्यांचेही नाव जोडले गेले. पण डिसेंबर जवळ आला की रसिकांत प्रश्न एकच असतो : 'यंदा सवाईला येणार ना?'