रिंगा बसतात कशाने?

गेल्या हिवाळ्यात एका मित्राने वडिलांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणली. ब्लॉक रिबोअर केला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून थोडे मोठे केले, त्यांना बसतील असे ओव्हरसाईज पिस्टन आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगा घातल्या, इंजिन नीट बांधून घेतलं. 700 किलोमीटर झाल्यावर त्याचा फोन आला. गाडी चढावर निळा धूर सोडत होती आणि दर आठवड्याला तेल टाकावं लागत होतं. "मी तर चाळीसच्या वर नेलीच नाही रे. रोज सकाळी अर्धा तास दारात नुसती चालू ठेवायचो."

बिघाड याच काळजीत होता. एके काळी ट्रकच्या पाठीवर 'रनिंग इन' अशी पाटी असायची, तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलंय की नवं बांधलेलं इंजिन जितकं हळू चालवावं तितकं चांगलं. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे. सुरुवातीला इंजिनाचे फेरे फार वाढवू नयेत. पण फेरे वेगळे आणि भार, म्हणजे इंजिनाला ओढावा लागणारा जोर, वेगळा. नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घट्ट जुळायला, म्हणजेच 'बसायला', भार लागतो.

का लागतो, ते सांगतो. इंजिनात मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

पिस्टन सिलिंडरमध्ये सैलच असतो. दोघांमधली फट बुजवते ती रिंग, म्हणजे एका जागी कापलेली धातूची कडी. इंग्लंडमधल्या जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे अभियंत्याने 1850 च्या दशकात वाफेच्या इंजिनांसाठी ती आणली. कडी थोडी दाबून आत बसवलेली असते, त्यामुळे ती स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि भिंतीला टेकते. बहुतेकांची समजूत अशी की सील होतं ते या ताणामुळे. पण हा ताण अगदीच किरकोळ आहे, चौरस सेंटिमीटरला किलो-दोन किलो.

खरा जोर येतो जळणाऱ्या वायूकडून. पिस्टनच्या ज्या खाचेत रिंग बसते, तिथे रिंगेच्या वर केसाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. ठिणगी पडली की दाब वाढतो, वायू त्या फटीतून रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला आतून बाहेर रेटतो. शिवाय वरून दाबून खाचेच्या तळाशीही घट्ट बसवतो. म्हणजे जो वायू निसटायला बघतो, तोच स्वतःची वाट बंद करतो!

हिशेब करून बघा. पद्मिनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर, त्याचा परीघ सुमारे 214 मिलिमीटर. रिंगेची उंची 2 मिलिमीटर धरली तर भिंतीला टेकणारं क्षेत्रफळ सव्वाचार चौरस सेंटिमीटर होतं. नुसत्या ताणाचा जोर पाच-आठ किलो. इंजिन चढावर ओढत असेल तर सिलिंडरमधला दाब क्षणभर 40 वातावरणांपर्यंत सहज जातो, आणि तोच जोर ढोबळमानाने दीडशे किलोच्या पुढे जातो. दारात नुसतं चालू असलेलं इंजिन याचा थोडासाच हिस्सा देतं.

आता भिंतीकडे बघू. बोअर केल्यावर होनिंगच्या दगडाने आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढतात. रेघांच्या खोलगट भागात तेल टिकतं, आणि उंचवटे पहिल्या काही तासांत रिंगेला घासून तिला त्याच भिंतीचा आकार देतात. घासताना उंचवटे स्वतःही झिजतात, त्यामुळे ही संधी एकदाच मिळते. दाब कमी पडला की तेलाचा जाड थर भिंतीवर राहतो, निसटणाऱ्या गरम वायूने तो भाजतो आणि त्याची वार्निशसारखी काच रेघांत भरते. एकदा ती काच धरली की रिंग तिच्यावर नुसती घसरत राहते.

मित्राच्या गाडीचे प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजलं. चारही सिलिंडर चौरस इंचाला 95 ते 100 पौंड. मग प्रत्येकात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजलं, तर काटा 125 वर. तेलाने रिंगेभोवतीची गळती तात्पुरती बुजते, व्हॉल्व्हची नाही. म्हणजे दोष रिंगांचाच. धुरावरूनही अंदाज येतो. उतारावर पाय काढून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर एकच लोट आला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सील तपासा. चढावर सतत येत असेल तर रिंगा.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. तापमान जरा चढं राहणं सुरुवातीला स्वाभाविक आहे. काटा एकदम वर जात असेल तर आधी कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नीट बसल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट बदलते, टकटक वाढली तर ती पुन्हा मोजा. पहिलं तेल 500 किलोमीटरच्या आतच काढा आणि बोटांवर चोळून बघा. पावडरसारखी राखाडी चमक चालते. डोळ्यांना दिसतील असे कपचे, विशेषतः तांबूस आणि चुंबकाला न चिकटणारे, दिसले तर बेअरिंग उघडावं लागेल. ऑइल प्रेशरचा दिवा लगेच विझत नसेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करा.

पहिल्या स्टार्टला मुहूर्त बघून नारळ फोडतात, बॉनेटला लिंबू-मिरची लावतात. मन रमत असेल तर फोडा नारळ, पण त्याआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा आणि पंपात तेल चढवून घ्या. बेअरिंग वाचवतं ते हे तेल. 'रिंगा बसवणाऱ्या' बाटल्यांवर मात्र पैसे घालवू नका. बाटलीतल्या कोणत्याही द्रवातून दीडशे किलोंचा रेटा येत नाही.

मित्राचं हेड उघडलं तेव्हा बोअर आरशासारखा चमकत होता. टॉर्च धरल्यावर रेघा जेमतेम तळाशी दिसल्या. पुन्हा होनिंग केलं, ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुतला, पांढरं फडकं आत फिरवून स्वच्छ निघेपर्यंत. नव्या रिंगा घातल्या. या वेळी इंजिन गरम झाल्याबरोबर गाडी रस्त्यावर. तिसऱ्या गियरमध्ये 30 वरून 60 पर्यंत पाऊण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ओढायची, मग पाय काढून गियरमध्येच 30 पर्यंत उतरू द्यायची, असं वीस-पंचवीस वेळा. टॉप गियरमध्ये कमी वेगाला रेटायचं नाही, त्याने बेअरिंगवर ताण येतो. दुसऱ्या दिवशी कात्रजचा घाट.

300 किलोमीटरनंतर प्लग काढले तर टोकं बिस्किटाच्या रंगाची होती, आणि डिपस्टिकवरची तेलाची रेघ पहिल्या दिवशी होती तिथेच.