फॉर्म्युला वनमधील तपासणी: वजनकाट्यापासून हिशेबवहीपर्यंत

फॉर्म्युला वनच्या तांत्रिक तपासनिसांपुढची मूळ अडचण जुनीच आहे: मोजमाप घेतले जाते ते उभ्या गाडीचे, आणि नियम मोडला जातो तो धावत्या गाडीत. 1981 साली गाडीचा तळ जमिनीपासून किमान 6 सेंटिमीटर उंच असावा असा नियम झाला, कारण तळ जितका खाली, तितकी गाडी रस्त्याला घट्ट धरून वळणे वेगात घेते. ब्रॅबहॅम संघाचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी अशी योजना केली, की वेग वाढताच हवेच्या दाबाने गाडी आपोआप खाली बसे आणि सावकाश पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या संघांच्या थांब्यात) परतेपर्यंत पुन्हा वर येई. तपासनीस मोजायला वाकत, तेव्हा 6 सेंटिमीटर पुरेपूर भरत. त्या वर्षीचे विजेतेपद ब्रॅबहॅमच्या नेल्सन पिकेने मिळवले.

धावत्या गाडीची साक्ष उभ्या गाडीतून काढण्याची सर्वांत साधी युक्ती 1994 मध्ये आली. इटलीतील इमोला येथे रोलँड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे चालक मृत्युमुखी पडल्यानंतर प्रत्येक गाडीच्या पोटाखाली 10 मिलिमीटर जाडीची फळी सक्तीची झाली. गाडी फार खाली धावली की फळी घासते, आणि झीज 1 मिलिमीटरच्या पुढे गेली की गाडी बाद. त्याच वर्षी बेल्जियममध्ये पहिला आलेला मायकेल शूमाकर असाच बाद झाला. गाडी गिरकी खाऊन कडेच्या उंचवट्यावर घासली, हा बेनेटन संघाचा खुलासा मान्य झाला नाही.

वजनाचेही तसेच. 2005 मध्ये इमोलालाच बीएआर संघाच्या जेन्सन बटनची गाडी काट्यावर 600 किलोची किमान मर्यादा ओलांडत होती, पण टाकीतले सारे इंधन उपसल्यावर काटा 594.6 वर आला. संघावर दोन शर्यतींची बंदी आली.

2021 पासून संघांच्या खर्चावरही मर्यादा आली. मूळ आकडा 14 कोटी 50 लाख डॉलर. इथे तर मोजणी हंगाम उलटल्यावरच होते. रेड बुल संघाच्या त्या वर्षीच्या हिशेबात 18 लाख 64 हजार पौंड जादा निघाले. करसवलत नीट दाखवली असती तर हा आकडा सुमारे 4 लाख 33 हजारच राहिला असता, हे एफआयए या मोटार शर्यतींच्या नियामक संस्थेनेही मान्य केले. शिक्षा म्हणून 70 लाख डॉलरचा दंड आणि वायुगतिकीच्या (गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाच्या) चाचण्यांत 10 टक्के कपात झाली. मला शिक्षेपेक्षा तिची वेळ अधिक खटकते. निर्णय ऑक्टोबर 2022 च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा रेड बुलच्या मॅक्स वेर्स्टाप्पेनने 2021 पाठोपाठ 2022 चे विजेतेपदही जिंकलेले होते.